पाळी बदलतानाची दहा मिनिटे : एका टॉवेल कारखान्यातील बोलण्याच्या प्रशिक्षणाच्या प्रकल्प नोंदी

२८ जानेवारी

सिद्धेश्वर यात्रेच्या गड्ड्याची गर्दी ओसरली, होम मैदानावरचे पाळणे उतरू लागले आणि ठरल्याप्रमाणे आज कामाला सुरुवात झाली. सोलापुरात अक्कलकोट रस्त्यावरील औद्योगिक वसाहतीतला हा टॉवेलचा कारखाना मध्यम आकाराचा आहे. एका शेडमध्ये धोट्याचे (आडवा धागा घेऊन मागात वेगाने ये-जा करणाऱ्या टोकदार ठोकळ्याचे) जुने यंत्रमाग आहेत, दुसरीत धोट्याविना चालणारे काही रॅपियर माग आहेत आणि बाजूला आडव्या धाग्याच्या कांड्या भरण्याचा व शिलाईचा विभाग आहे. आठवड्यातून एकदा पाळी सुटताना दहा मिनिटांची सुरक्षा बैठक होते आणि ती जॉबर घेतात. जॉबर म्हणजे आपल्या वाट्याच्या मागांची जोडणी-दुरुस्ती पाहणारा कारागीर; तो अधिकारी नसतो, पण विणकराला त्याच्या शब्दाबाहेर जाता येत नाही. बैठकीत सांगितलेले कोणी ऐकत नाही, तेव्हा जॉबरांना प्रभावी बोलायला शिकवावे, अशी व्यवस्थापनाची मागणी आहे.

आज केवळ पाहणी केली. बैठक शेडच्या दारातच झाली आणि आतले माग चालूच होते. जॉबर मान ताणून ओरडत होते, कामगार डबे-पिशव्या घेऊन रांगेत उभे होते. आधी हजेरीविषयीची सूचना झाली, मग शिस्तीविषयीची, मग मालकांनी दिवाळीला दिलेल्या भेटीची आठवण, आणि शेवटी मागच्या आठवड्यात एका मागावरून धोटा उडाल्याची हकीकत. ही हकीकत सर्वांच्या कामाची होती, परंतु ती सुरू होईपर्यंत मागची रांग सायकलींकडे वळली होती.

व्यवस्थापनाचा प्रश्न ‘कसे बोलावे’ हा आहे. मला तो उलट्या बाजूने पाहावासा वाटतो : समोर उभ्या असलेल्या माणसाला ऐकू काय येते, त्यातले कळते काय आणि कळलेल्याचे त्याला करता काय येते. प्रकल्पाची आखणी याच क्रमाने करावी, असे ठरवले आहे.

३० जानेवारी

धोट्याच्या मागांच्या शेडमध्ये आवाजाची पातळी सर्रास ९० डेसिबलच्या वर असते आणि दोन माणसांचे साधे बोलणे एक मीटर अंतरावरून सुमारे ६० डेसिबल भरते. या फरकावर मात करण्यासाठी माणूस आपोआप ओरडू लागतो. एत्येन लोंबार या फ्रेंच कान-घसा तज्ज्ञाने १९११ मध्ये या प्रतिक्षेपाचे वर्णन केले आणि तो आजही त्याच्याच नावाने ओळखला जातो. भोवतीचा आवाज वाढला की बोलणाऱ्याला न कळत त्याचा स्वर चढतो, शब्द लांबतात आणि घसा आवळतो. त्यासाठी कोणी सांगावे लागत नाही आणि ठरवून ते पुरते थांबवणेही कठीण असते.

ओरडण्याने नेमके काय मोठे होते, हे जॉबरांना दाखवणे आवश्यक वाटले. मोठे होतात ते स्वर, म्हणजे आ, ए, ओ. शब्दाला शब्दापासून वेगळे करणारी क, त, प, स ही व्यंजने मुळातच दुबळी असतात आणि ती ओरडण्याच्या प्रमाणात वाढत नाहीत. त्यामुळे दहा फुटांवरच्या माणसाला कोणीतरी संतापून काहीतरी म्हणत आहे एवढेच समजते, काय म्हणत आहे ते समजत नाही. आणि संतापाचा सूर कानावर पडला की माणूस अर्थ शोधण्याऐवजी आपला काही संबंध आहे का, एवढेच पाहतो.

विणकर स्वतः शेडमध्ये ओरडत नाहीत, ही गोष्ट माझ्या लक्षात राहिली. कांडी संपली, ताणा (उभा धागा) तुटला, चहा आला, हे सर्व ते हाताच्या खुणांनी आणि ओठांच्या ठळक हालचालींनी सांगतात. इंग्लंडमधील लँकेशरच्या सूतगिरण्यांत आणि मागशाळांत अशीच ओठांची भाषा रुजलेली होती. ज्यांना रोज तिथे राहायचे आहे त्यांनी आपली व्यवस्था लावून घेतली आहे. ओरडतो तो बैठकीपुरता आलेला.

३ फेब्रुवारी

जागा आणि वेळ, दोन्ही बदलण्याचा प्रस्ताव आज व्यवस्थापकांपुढे ठेवला.

वेळेचे कारण आधी मांडले, कारण त्याला विरोध होणार हे उघड होते. कित्येक तास मोठ्या आवाजात काम केल्यावर कान काही काळ मंद होतात; पाळीवरून घरी गेलेला विणकर दूरचित्रवाणीचा आवाज वाढवतो तो याच कारणाने. हा मंदपणा काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवसापर्यंत, उतरतो. पण वर्षानुवर्षे तेच होत राहिले की कायमचा बहिरेपणा मागे राहतो. पाळी सुटताना बैठक घेणे म्हणजे दिवसभरात कान सर्वांत मंद असलेल्या घटकेला, थकलेल्या शरीराला आणि घराकडे लागलेल्या डोळ्यांना उद्देशून बोलणे होय. तीच बैठक पाळी सुरू होण्याआधी घेतली तर कान ताजे असतात आणि सांगितलेली गोष्ट लगेच पुढच्या पाच मिनिटांत करून पाहता येते. दहा मिनिटे उत्पादन बुडेल, असा आक्षेप आला. सध्याची दहा मिनिटेही बुडतच आहेत, फक्त ती कामगारांच्या वेळातून बुडत आहेत, एवढेच उत्तर मी दिले आणि ते मान्य झाले.

जागेसाठी अंगण तपासले. उघड्यावर अंतर दुप्पट झाले की आवाज सुमारे ६ डेसिबलने घटतो. म्हणून माणसे एकामागे एक रांगांत उभी करण्याऐवजी अर्धवर्तुळात दोन ओळींत उभी केली, म्हणजे शेवटचा माणूसही तीन-चार मीटरच्या आत येतो. बोलणाऱ्याच्या पाठीशी लगेच भिंत असावी. तिच्यावरून परतलेला आवाज मूळ आवाजाच्या मागोमाग पोहोचतो आणि कान त्या दोहोंना एकत्र करून घेतो. साधारण ५० मिलिसेकंदांच्या आत परतलेला ध्वनी अशी मदत करतो. त्याहून उशिरा आलेला शब्दावर शब्द चढवतो. एवढ्या वेळात आवाज सुमारे १७ मीटर जातो, हे हिशेबात घेतले तर सध्याच्या जागेतला दोष उघड होतो : समोरच्या गोदामाची उंच भिंत वीसेक मीटरवर आहे आणि जाऊन-येऊन ते अंतर चाळीस मीटरचे होते. कार्यालयाच्या भिंतीलगत, कडुनिंबाखालची जागा निश्चित केली.

६ फेब्रुवारी

आज सुरुवातीवर काम केले. प्रत्येक जॉबरला नेहमीप्रमाणे बोलायला सांगितले आणि मुख्य गोष्ट कितव्या वाक्यात येते, एवढेच टिपले.

आपल्याकडे बोलण्याचे पहिले शिक्षण शाळेतल्या वक्तृत्व स्पर्धेत होते आणि तिथे शिकलेली ‘अध्यक्ष महाराज, पूज्य गुरुजनवर्ग आणि येथे जमलेल्या माझ्या बालमित्रांनो’ ही साखळी आयुष्यभर सुटत नाही. अशा स्पर्धांचे परीक्षण मी बरीच वर्षे केले आहे, त्यामुळे ती साखळी कुठल्या वळणाने येणार हे मला आधीच कळते. तिचा हेतू श्रोत्यांचा मान राखणे हा आहे आणि तो वाईट नाही; परंतु स्पर्धेतला श्रोता खुर्चीत बसलेला असतो आणि बक्षीस समारंभापर्यंत त्याला कुठे जायचे नसते. अंगणात उभा असलेला विणकर पहिल्या दोन वाक्यांतच ठरवतो की हे आपल्यासाठी आहे की वरच्यांना दाखवण्यासाठी.

एका जॉबरने प्रस्तावना गाळून थेट सांगितले, ‘काल बारा नंबरच्या मागावरून धोटा उडाला, तो खांबाला लागला, माणसाला लागला असता.’ समोरच्या सहकाऱ्यांची मान लगेच वर आली. त्याच जॉबरने पुढची चार मिनिटे धोटा का उडतो याची सर्व कारणे सांगितली : घासलेला पिकर (धोट्याला ठोका देणारा भाग), सैल झालेली धोट्याची पेटी, ठोक्याची चुकलेली वेळ, तुटून गुंतलेले ताण्याचे धागे. त्यावर एक जुने विणकर, जे या सरावाला पाहुणे म्हणून बसले होते, म्हणाले, ‘मास्तर, तुम्ही सांगालाव ते खरं हाय, पण त्यातलं आमी बघायचं काय, ते सांगा की.’ चार कारणांपैकी तीन जॉबरच्या कामाची आहेत. विणकराच्या हाती असते ते गुंतलेले धागे वेळीच पाहणे आणि धोट्याचा गार्ड जागेवर आहे का हे तपासणे. बाकीचे सर्व जॉबरांनी एकमेकांना सांगावे.

१० फेब्रुवारी

या नोंदीतला मुद्दा मला संपूर्ण प्रकल्पातला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, म्हणून तो सविस्तर लिहितो.

जॉबरांचे बोलणे मोबाईलवर ध्वनिमुद्रित करून त्यांनाच ऐकवले. पहिली प्रतिक्रिया सर्वांची सारखी : ‘हा माझा आवाज नव्हे.’ स्वतःचा आवाज आपण हवेतून ऐकतो तसाच डोक्याच्या हाडांमधूनही ऐकतो. हाडांतून येणारा भाग खर्जाकडे झुकलेला असतो आणि मुद्रणात तो नसतो, म्हणून आपला आवाज आपल्याला पातळ व परका वाटतो. हे समजावल्यावर ऐकणे पुढे सरकले, आणि मग वाक्यांचे शेवट कसे आहेत ते पाहायला सांगितले.

प्रत्येकाचे वाक्य जोरात सुरू होत होते आणि शेवटाकडे विरत होते. श्वास वाक्याच्या आरंभी भरलेला असतो आणि तो संपत आला की आवाजाची उंची व जोर दोन्ही उतरतात; हे बहुतेक भाषांत घडते. मराठीत मात्र त्याची किंमत अधिक मोजावी लागते, कारण आपल्या वाक्यात क्रियापद शेवटी येते आणि नकार त्याच्याही नंतर येतो. ‘माग चालू असताना धागा काढायला आत हात घालायचा नाही’ या वाक्यात जीव वाचवणारा शब्द सर्वांत शेवटी आहे, म्हणजे श्वास संपतो त्याच ठिकाणी आहे. मुद्रणात तो शब्द जवळजवळ ऐकूच येत नव्हता. ज्याच्या कानावर ‘नाही’ पडले नाही त्याने ऐकले ते असे : माग चालू असताना धागा काढायला आत हात घालायचा. इथल्या अनेकांच्या घरच्या तेलुगू आणि कन्नड या भाषांतही क्रियापद आणि नकार वाक्याच्या शेवटाकडेच येतात, त्यामुळे जॉबरने मनात कोणत्याही भाषेत विचार केला तरी अडचण तीच राहते.

यावर दोन उपाय करून पाहिले. पहिला श्वासाचा : वाक्याच्या मध्येच, ‘काढायला’ या शब्दानंतर, क्षणभर थांबून पुन्हा श्वास घ्यायचा आणि उरलेला तुकडा पहिल्याइतक्याच जोराने म्हणायचा. हे जमते, पण पंधरवडाभर सराव लागतो आणि घाई झाली की जुनी सवय परत येते. दुसरा उपाय वाक्यच बदलण्याचा. नकार काढून टाकून करायची कृती आधी ठेवली : ‘आधी माग बंद, मग हात.’ पाच शब्द, एक श्वास, आणि यातला कोणताही शब्द गळाला तरी उरलेल्यातून उलटा अर्थ निघत नाही. जॉबरांनी स्वतःच मग बाकीच्या सूचना अशा बदलून आणल्या. ‘गार्ड काढून माग चालवू नये’ याचे ‘गार्ड बघा, मग बटण’ झाले, आणि ‘मोटरीवर फुसकी साचू देऊ नये’ याचे ‘पाळीला मोटर झाडा’ झाले. फुसकी म्हणजे मागावर उडणारी कापसाची तंतुमय धूळ. मोटर आणि वीजफलकाजवळ ती साचली की ठिणगीला निमित्त मिळते.

एका जॉबरने शंका काढली की अशी तोडकी वाक्ये आज्ञेसारखी वाटतात आणि मोठ्या माणसांशी तसे बोलणे बरे दिसत नाही. शंका रास्त आहे. वयस्क विणकराला ‘अण्णा’ म्हणून, त्याच्याकडे पाहून आणि सावकाश म्हटलेले ‘आधी माग बंद, मग हात’ उद्धट वाटत नाही, असे आम्ही सरावात पाहिले. मान शब्दांच्या लांबीत नसतो, पण तो कुठेतरी दाखवावा मात्र लागतो.

१३ फेब्रुवारी

घशाविषयी थोडक्यात. बोलण्याआधी खाकरण्याची सवय मोडावी, कारण त्यात स्वरतंतू एकमेकांवर आपटतात. त्याऐवजी घोटभर पाणी प्यावे. बैठकीआधी दोन तास फुसकीत उभे राहिलेल्या जॉबरने चूळ भरूनच बोलायला यावे. घसा बसलेला असताना कुजबुजत बोलणे हाही विसावा नसतो. त्या दिवशी दुसऱ्याने बोलावे. याहून अधिक आवाजसाधना या कामाला लागत नाही.

१७ फेब्रुवारी

व्यवस्थापनाने बाहेरून बोलावलेल्या एका व्यक्तिमत्त्व विकास प्रशिक्षकांचे सत्र आज झाले. त्यांनी पडद्यावर मोठ्या अक्षरांत दाखवले की संवादात शब्दांचा वाटा ७ टक्के, आवाजाच्या सुराचा ३८ टक्के आणि देहबोलीचा ५५ टक्के असतो. हे आकडे अल्बर्ट मेहराबियन या मानसशास्त्रज्ञाच्या १९६७ मधील प्रयोगांतून आले आहेत. त्या प्रयोगांत सुटे शब्द निरनिराळ्या सुरांत आणि चेहऱ्यांच्या छायाचित्रांबरोबर सादर केले होते आणि बोलणाऱ्याला समोरचा माणूस आवडतो की नाही, याचा अंदाज ऐकणाऱ्यांना करायचा होता. शब्द आणि सूर परस्परविरुद्ध असतील तर माणूस भावनेच्या बाबतीत सुरावर विश्वास ठेवतो, एवढाच त्याचा आवाका आहे, आणि ही मर्यादा स्वतः मेहराबियन यांनीही स्पष्ट केली आहे. धोट्याची पेटी कशी तपासावी, हे सांगण्याशी त्या आकड्यांचा काही संबंध नाही.

सत्रानंतर जॉबरांपैकी एकानेच याचा निकाल लावला. शब्द सातच टक्के असतील तर मला तेलुगू येत नसतानाही शहराच्या तेलुगूभाषक पूर्व भागातल्या सभेतले त्र्याण्णव टक्के भाषण समजायला हवे होते, असे तो म्हणाला. सोलापुरात राहणाऱ्याला हा युक्तिवाद सुचायला पुस्तक वाचावे लागत नाही.

सुराला महत्त्व आहेच. वैतागलेल्या सुरात सांगितलेली काळजी ही काळजी वाटत नाही. पण जॉबरांनी आरशासमोर हातवारे बसवायला सुरुवात केली तर महिन्याभराचे काम मागे जाईल, म्हणून उद्या पुन्हा वाक्यांकडे वळायचे आहे.

२० फेब्रुवारी

भाषेचा प्रश्न आज हाती घेतला. विणकरांत पद्मशाली कुटुंबांतले तेलुगूभाषक बरेच आहेत, दक्षिण सोलापूर आणि अक्कलकोटकडून येणारे कन्नडभाषक आहेत, काही दख्खनी बोलतात, आणि मराठी सर्वांना कामापुरती येते. कामापुरत्या मराठीला ‘सुरक्षिततेच्या दृष्टीने आवश्यक ती खबरदारी घेण्यात यावी’ हे वाक्य पेलत नाही. खरे तर ते मराठीभाषकालाही पेलत नाही. तो फक्त मान हलवतो.

प्रत्येक वाक्याचा तेलुगूत अनुवाद करून पाहिला. वेळ दुप्पट लागला आणि अनुवाद चालू असताना मराठी ऐकणारे आपसांत बोलू लागले, मराठी चालू असताना तेलुगूवाले. मग अनुवाद फक्त कृतीच्या वाक्यापुरता ठेवला : हकीकत साध्या मराठीत, आणि करायची गोष्ट मराठी, तेलुगू व कन्नड या तिन्ही भाषांत, तीन वेगवेगळ्या तोंडांनी, तीच कृती हाताने दाखवत. हकीकतीतले एखादे वाक्य कोणाला निसटले तरी चालते. कृती निसटता कामा नये.

२५ फेब्रुवारी

एका जॉबरच्या भजनी मंडळाचे निमंत्रण होते, म्हणून काल रात्री त्यांच्या गल्लीतले कीर्तन ऐकले आणि आज त्यावर सर्वांशी बोलणे झाले. पंढरपूर याच जिल्ह्यातले, त्यामुळे कीर्तन कसे असते हे इथे कोणाला सांगावे लागत नाही. पण दमून आलेली माणसे रात्री दोन-दोन तास मांडी घालून कसे ऐकतात, याचा विचार कामाच्या नजरेने कोणी केलेला नव्हता.

नारदीय कीर्तनात पूर्वरंगात तत्त्वाचे निरूपण आणि उत्तररंगात त्याच तत्त्वाचे आख्यान असते, म्हणजे विचार आधी आणि गोष्ट नंतर. वारकरी कीर्तनात एकच अभंग घेऊन त्याचे चरण उलगडत जातात, आणि कीर्तनकार कितीही दूर गेला तरी धृवपदावर परत येतो. आमच्या दृष्टीने दोन गोष्टी उपयोगी ठरल्या. पहिली, विषय एकच असतो. हजेरी, शिस्त, दिवाळीची भेट आणि धोटा हे चार अभंग एका कीर्तनात कोणी घेत नाही. दुसरी गोष्ट त्याहून मोठी : श्रोत्याला काम दिलेले असते. मागे टाळकरी उभे असतात, ते धृवपद उचलतात, आणि कीर्तनकाराने ‘विठ्ठल विठ्ठल’ म्हटले की समोरची सर्व मंडळी गजर करते. आपला आवाज लागणार आहे हे ज्याला माहीत आहे तो झोपत नाही.

जॉबर म्हणाले, मग आपणही ‘आधी माग बंद’ एवढे म्हणून थांबावे आणि ‘मग हात’ समोरच्यांनी म्हणावे. मला हे थोडे शाळकरी वाटले होते. दुपारच्या पाळीत करून पाहिले तेव्हा पहिल्यांदा हसू झाले, दुसऱ्यांदा उत्तर आले, आणि संध्याकाळी शिलाई विभागातल्या एका बाईंनी आपल्या मुलाला चालू मिक्सरजवळ पाहून तेच वाक्य सुनावल्याची बातमी दुसऱ्या दिवशी कारखान्यात पसरली होती. (ही शेवटची ओळ २६ तारखेला जोडली आहे.)

२ मार्च

प्रश्न विचारण्याचा सराव. जॉबर प्रश्न विचारतात आणि लगेच स्वतःच उत्तर देतात. याला कारण आहे : जगातल्या दहा भाषांतील संभाषणांची तुलना करणारा एक अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला आणि त्यात प्रश्न व उत्तर यांमधला सरासरी विराम सुमारे २०० मिलिसेकंदांचा, म्हणजे पापणी लवण्याइतका, आढळला. त्यामुळे एक सेकंदाची शांतताही बोलणाऱ्याला अवघड वाटते आणि तो ती भरून काढतो. अमेरिकेत मेरी बड रो यांनी १९७० च्या दशकात वर्गांमध्ये हेच पाहिले होते. शिक्षक प्रश्नानंतर जेमतेम एक सेकंद थांबत. तो विराम तीन सेकंदांवर नेला की मुलांची उत्तरे लांबली आणि एरवी गप्प राहणारी मुलेही बोलू लागली.

पाळीवरच्या मोठ्या माणसांना तीन सेकंदही पुरत नाहीत, असे दिसते, कारण सर्वांसमोर आधी कोणी बोलायचे हा मानापमानाचाही प्रश्न असतो. जॉबरांना सांगितले की प्रश्न विचारून मनात सावकाश पाच अंक मोजावेत आणि तेवढा वेळ चेहरा मोकळा ठेवावा, उत्तराची परीक्षा घेत असल्यासारखा नाही.

६ मार्च

अवघड दिवस. एका बैठकीत जॉबरने ज्याच्या मागावर गार्ड काढलेला सापडला त्याचे नाव घेऊन त्याला सर्वांसमोर झापले. बोलणे स्पष्ट होते, वाक्ये छोटी होती, आवाज शेवटपर्यंत टिकला होता; शिकवलेले सर्व काही त्यात होते. आणि समोरचा प्रत्येक माणूस जमिनीकडे पाहत होता.

त्यानंतर जॉबरांबरोबर बराच वेळ बसलो. ज्याला सर्वांसमोर नाव घेऊन बोलले जाते तो पुढच्या वेळी धोटा उडाला तरी सांगत नाही, आणि त्याला पाहणारे बाकीचेही सांगत नाहीत. म्हणजे बैठकीला लागणारा कच्चा मालच बंद होतो. गार्ड का काढला होता, हे विचारल्यावर कळले की तो सैल बसत होता आणि धाग्याला घासत होता. ही दुरुस्ती जॉबरच्याच कामातली होती. यापुढे बैठकीत घटना आणि माग क्रमांक सांगायचा, माणसाचे नाव नाही; ज्याला झापायचे असेल त्याला बाजूला घेऊन झापावे, असे ठरले. शिवाय प्रत्येक बैठकीची सुरुवात ‘या आठवड्यात थोडक्यात वाचलं असं काही झालं का?’ या प्रश्नाने करायची आणि मग पाच अंक मोजायचे.

१२ मार्च

या प्रश्नाला आज पहिले मोकळे उत्तर मिळाले. कांड्या भरणाऱ्या एका अक्कांनी सांगितले की परवा त्यांचा पदर कांडीयंत्राच्या फिरत्या भागाकडे ओढला गेला होता आणि शेजारणीने बटण दाबले म्हणून वाचले. त्यांची मराठी तुटक होती, मध्ये तेलुगू येत होती, आवाज लहान होता. अंगणातला एकही माणूस हलला नाही. सांगून झाल्यावर त्यांनी पदर खोचून दाखवला आणि त्या आपल्या जागेवर जाऊन उभ्या राहिल्या.

प्रभावी बोलण्याच्या कोणत्याही स्पर्धेत त्यांना गुण मिळाले नसते. मात्र त्यांच्यापाशी इतरांना नसलेली माहिती होती, ती त्यांच्या स्वतःच्या अंगावरून गेलेली होती, आणि ती संपताच त्या थांबल्या. शेवटच्या गोष्टीचे महत्त्व जॉबरांना पटवणे सर्वांत कठीण जात आहे, कारण दहा मिनिटे दिली आहेत म्हणून ती भरलीच पाहिजेत, असा त्यांचा समज आहे. आजची बैठक चार मिनिटांत आटोपली आणि व्यवस्थापकांनी घड्याळाकडे पाहिले. उरलेल्या सहा मिनिटांत जॉबर कांडी विभागात गेले आणि सर्व यंत्रांची बटणे हाताला लागतात का ते पाहून आले, हे त्यांना सांगितले.

१८ मार्च

व्यवस्थापकांनी ध्वनिक्षेपक आणून ठेवला. अर्धवर्तुळातल्या दोन ओळींना त्याची गरज नाही, आणि कर्ण्याचा आवाज समोरच्या गोदामावरून उलटून शब्द खातो, हे करून दाखवल्यावर तो गणेशोत्सवासाठी कपाटात गेला.

व्यवस्थापकांनी स्वतःही एकदा बोलावे, असे मी सुचवले होते. ते आज बोलले. उत्पादनाच्या आकड्यांनी सुरुवात करून ते थांबले, मग म्हणाले की सैल गार्ड बदलण्याची मागणी मंजूर केली आहे आणि नवे गार्ड सोमवारी बसतील. आकड्यांच्या वेळी चुळबुळ होती, गार्डच्या वाक्याला नव्हती. सोमवारी गार्ड बसले नाहीत तर त्यांच्या आणि जॉबरांच्याही पुढच्या बैठकांचे काय होईल, हे त्यांना खासगीत स्पष्ट सांगितले आहे.

२४ मार्च

सोमवारी गार्ड बसले. बैठकीत त्याविषयी कोणी काही बोलले नाही; एका विणकराने प्रश्नाच्या वेळी आपल्या मागाची धोट्याची पेटी सैल असल्याचे आपण होऊन सांगितले.

२७ मार्च

काम सुपूर्द केले. बैठका यापुढे जॉबर आळीपाळीने घेतील आणि कांडी विभागाच्या वतीने अक्का किंवा त्यांची शेजारीण बोलेल. कृतीच्या वाक्यांची तिन्ही भाषांतली यादी हजेरीच्या टेबलाजवळ लावली आहे. तिच्यात भर घालायची असेल तर एका श्वासात मावते का, हे पाहूनच घालावी. महिन्यातून एकदा एका बैठकीचे ध्वनिमुद्रण करून जॉबरांनी ते एकत्र ऐकावे आणि फक्त वाक्यांचे शेवट तपासावेत.

दोन बाबी शिल्लक आहेत. रात्रपाळीच्या बैठकीला कडुनिंबाखाली उजेड पुरत नाही आणि बोलणाऱ्याचे ओठ दिसत नाहीत. भिंतीवर दिवा बसवण्याची मागणी लेखी दिली आहे. दुसरी बाब जागेची. मृग लागला की अंगण वापरता येणार नाही आणि व्यवस्थापनाने गोदामापुढची पत्र्याची पडवी सुचवली आहे. पत्र्यावर पावसाचा आवाज किती होतो ते पहिल्या वळवाच्या सरीत जॉबरांनी तिथे उभे राहून पाहावे आणि नंतरच जागा कायम करावी, असे कळवले आहे. तोवर आराखड्यात तिची खूण पेन्सिलीनेच ठेवली आहे.